एफच्या दोन फटी

पेटीचं झाकण उघडलं तेव्हा आधी वास आला, गिटार नंतर दिसली. कापराचा वास. आरती झाल्यावर ताम्हनात राहतो तसा, पण शिळा, लाकडात मुरलेला.

"सेल्युलॉइडचा आहे तो," पेटीचे मालक म्हणाले. जुन्या गिटारीच्या कडेनं फिरणारी पांढरी पट्टी आणि तारांखाली लाकडाला ओरखडे पडू नयेत म्हणून बसवलेली, कासवाच्या पाठीसारख्या रंगाची चकती, दोन्ही सेल्युलॉइडच्या असतात. सेल्युलॉइड बनतं नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून. सत्तरेक वर्षांनी ते विरायला लागतं. कापूर उडतो, आम्लाची वाफ सुटते आणि शेजारचे सोनेरी मुलाम्याचे भाग हिरवे पडतात. म्हणून जाणकार लोक तशी चकती काढून वेगळ्या डबीत ठेवतात. यातलं काही मला ठाऊक नव्हतं. वास मात्र ओळखीचा होता. गिरगावातल्या आमच्या चाळीत, मामाच्या खाटेखालच्या पेटीतून हाच वास यायचा. कसर लागू नये म्हणून आजीच पेटीत कापूर ठेवते, असं मी लहानपणी धरून चालले होते.

भाद्रपद संपत आला होता. वांद्र्याला, हिल रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका लहानशा हॉलमध्ये जुन्या गिटारी जमवणाऱ्या काही मंडळींनी एका रविवारपुरत्या आपापल्या गिटारी मांडल्या होत्या. विकायला नाही, दाखवायला. ऑफिसातल्या एका मुलाकडून निरोप कळला आणि मी बोरिवलीहून एकटीच निघाले. बाहेर पाऊस नव्हता, पण हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटत होती. आत दोन एसी चालू होते आणि कोपऱ्यात हवेतलं पाणी ओढून घेणारं एक यंत्र घरघरत होतं. तासाभरानं कुणीतरी उठून त्याचं भांडं बेसिनमध्ये ओतून येई. मुंबईच्या हवेत जुनं लाकूड सांभाळणं म्हणजे काय, ते त्या भांड्यात दिसत होतं. दर वेळी भांडं भरून पाणी निघत होतं.

गिटारी तीसेक असतील. लोक अर्थातच भिंतीलगतच्या टेबलाभोवती जास्त होते, तिथे फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर होती, भरीव लाकडाची नावाजलेली इलेक्ट्रिक गिटार. मी कापराच्या वासापाशीच थांबले.

ती पन्नासच्या दशकातली, गिब्सन या अमेरिकी कंपनीची गिटार होती, ईएस-१७५. पोकळ अंगाची, वरच्या पाटाला मधोमध उंचवटा असलेली आणि त्या पाटात इंग्रजी एफच्या आकाराच्या दोन फटी. व्हायोलिनला असतात तशाच. या घराण्याला आर्चटॉप म्हणतात, कमानीच्या पाटाची गिटार.

साध्या गिटारीचा पाट सपाट असतो, मध्ये गोल भोक असतं, आणि तारा पाटावर चिकटवलेल्या घोडीलाच, म्हणजे ब्रिजलाच, अडकवलेल्या असतात. तिथे तारा पाटाला वर उपटत असतात. आर्चटॉपमध्ये तारा घोडीवरून पलीकडे जातात आणि गिटारीच्या बुडाशी लावलेल्या धातूच्या पट्टीला जाऊन अडकतात. घोडी नुसती पाटावर टेकलेली असते. न चिकटवता, तारांच्या दाबानंच जागेवर राहते. सगळा भार खाली, पाटावर. तो पेलायचा म्हणून कमान. स्प्रूसच्या जाड फळीतून हा पाट कोरून काढतात, मधोमध जाड आणि कडेला पातळ. पाठ आणि बाजू मेपलच्या. मिरजेला एकदा सतारमेकरांच्या गल्लीत मी तानपुऱ्याची तबली घासताना पाहिली होती. ते कारागीर मधूनच थांबून तबलीवर बोटाच्या पेरानं टिचकी मारायचे, कान लावायचे आणि पुन्हा घासायचे. कॅलमझूच्या गिब्सन कारखान्यात १९१९ ते १९२४ या काळात काम केलेल्या लॉइड लोअरचं कामही असंच चालायचं. तो स्वतः वाजवणारा, ध्वनीचं शास्त्र जाणणारा. पाट किती पातळ करायचा हे तो त्याच्या नादावरून ठरवायचा. एल-५ ही एफच्या फटींची गिब्सनची पहिली गिटार त्याच्याच काळातली, १९२२ची. त्याच्या आधी ऑर्व्हिल गिब्सननं कोरीव पाटाच्या मॅन्डोलिनचं पेटंट १८९८मध्ये घेतलं होतं, म्हणजे कल्पनेचं मूळ त्याच्याकडे जातं.

आता मामाबद्दल सांगायलाच हवं.

मामा गोदीत टॅली क्लार्क होता आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. गणपतीत, नवरात्रात, सत्यनारायणाच्या पूजांना, कधी शिवाजी मंदिरात, कधी साहित्य संघात. त्याची गिटार त्यानं १९६८मध्ये धोबीतलावच्या एका कुडातून आणली होती. कूड म्हणजे गोव्यातल्या एकेका गावाच्या लोकांनी मुंबईत चालवलेली राहण्याची जागा. बोटीवर जाणारे, हॉटेलांतल्या बँडमध्ये वाजवणारे, सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जाणारे तिथे उतरत. त्यांतलाच एक वादक बोटीवरची नोकरी सोडून कायमचा गावी चालला होता. २२५ रुपये. आजीनं महिनाभर अबोला धरला होता म्हणे.

गिटार एफच्या फटींची. चाळीतली मुलं तिला "व्हायोलिनची आई" म्हणायची. मला मामा तिच्यावर कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सूर, शिकवायचा, आणि शिकवायचा त्या अर्ध्याच असायच्या. "सहापैकी तीनच तारा दाब," तो सांगायचा. "सहावी तार तिसऱ्या फ्रेटवर, चौथी तिसऱ्यावर, तिसरी चौथ्यावर. बाकीच्यांना बोटांच्या मांसानं गप्प ठेव. आणि ठोका दिला की लगेच हात सैल सोड. बोटं उचलायची नाहीत, फक्त सैल." फ्रेट म्हणजे मानेवरच्या पट्टीत आडव्या बसवलेल्या धातूच्या काड्या. कॉर्ड वाजायची आणि लगेच मिटायची. ठक. ठक. ठक. ठक. लहान मुलीला त्यात काय गंमत वाटणार?

कार्यक्रमात तर तीही ऐकू यायची नाही. अॅकॉर्डियन, कोंगो, ढोलकी, पुढे आलेला ऑर्गन, सगळ्यांच्या गर्दीत मामाचा हात हलताना दिसायचा, आवाज नाही. ठाकूरद्वारच्या मांडवात मी एकदा आईला विचारलं, "मामा खोटं खोटं वाजवतोय का?" आई हसली नाही. म्हणाली, "थांब, ऐक." मी ऐकत राहिले आणि मला काहीच ऐकू आलं नाही. पुढे एकदा दुसऱ्या अंतऱ्याच्या मध्यावर मामाची तार तुटली. दोन ओळी तो थांबला. गाणं चालूच होतं, सगळी वाद्यं होती, गायिका होती, पण गाण्याच्या खालून कुणी सतरंजी ओढून घ्यावी तसं झालं. ढोलकीवाल्यानं मान वळवून मामाकडे पाहिलं. मला ती मान अजून आठवते.

वांद्र्याच्या त्या हॉलमध्ये भिंतीवर छायाचित्रं लावली होती. त्यांत एका जाडजूड आर्चटॉपला जवळजवळ आडवी धरून, बँडच्या मध्ये बसलेला फ्रेडी ग्रीन होता. काउंट बेसीच्या जॅझ बँडमध्ये १९३७मध्ये आला आणि १९८७मध्ये वारला तोवर तिथेच होता. पन्नास वर्षं. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन यांच्या भिंतीसमोर त्यानं जवळजवळ सगळा काळ गिटार अँपशिवाय, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या यंत्राशिवाय, वाजवली, चार ठोके, दर मात्रेला एक. मामानं हे नाव कधी घेतलं होतं का, ते मला आठवत नाही. पण त्या छायाचित्रातला डावा हात मामाचा होता. तीच तीन बोटं, तोच सैल पंजा.

आर्चटॉप गिटारीचा सगळा इतिहास मी त्या दिवशी एकाच गोष्टीसारखा ऐकला. मुळात मऊ आवाजाचं हे वाद्य. ते पितळी वाद्यांच्या बँडमध्ये येऊन बसलं आणि ऐकू येण्यासाठी अंग वाढवत गेलं. एल-५ आधी १६ इंच रुंद होती, पुढे १७ इंचांची झाली. १९३४मध्ये गिब्सननं १८ इंचांची सुपर ४०० काढली, किंमत ४०० डॉलर म्हणून नाव ४००. बोस्टनच्या स्ट्रॉमबर्ग बापलेकांनी १९ इंचांपर्यंत मजल मारली. फ्रेडी ग्रीनकडे त्यांची गिटार होती. न्यूयॉर्कच्या केनमेअर स्ट्रीटवरच्या दुकानात जॉन डी'अँजेलिको १९३२पासून १९६४मध्ये वारेपर्यंत हातानं आर्चटॉप घडवत होता. त्याच्या गिटारींना क्रमांक आहेत, एकूण ११६४. एका लहानशा दुकानातून बत्तीस वर्षांत ११६४. हिशोब केला तर दर दहा दिवसांना एक गिटार, तीही कोरून. मला ही संख्या कोणत्याही लिलावातल्या किमतीपेक्षा थोर वाटते.

मग वीज आली, आणि ती आधी हवाईयन गिटारीत आली. याचा मला फार आनंद झाला, कारण आपल्याकडे सत्तरच्या दशकात गिटार म्हणजे हवाईयनच. गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या असायच्या, "हवाईयन व स्पॅनिश गिटार शिकवली जाईल." विविध भारतीवर दोन कार्यक्रमांच्या मध्ये उरलेल्या मिनिटात कुठलं तरी फिल्मी गाणं हवाईयन गिटारीवर सरकत जायचं. व्हॅन शिपली, हजारा सिंग ही नावं निवेदिकेच्या तोंडून पाठ झालेली. मांडीवर आडवी ठेवायची, तारांवरून लोखंडी कांडी फिरवायची. जॉर्ज बोशँपनं रिकनबॅकरबरोबर १९३२मध्ये बाजारात आणलेली पहिली विजेची गिटार अशीच आडवी वाजवायची होती, अख्खी अॅल्युमिनियमची, गोल अंग आणि लांब मान. लोक तिला फ्रायपॅन म्हणायचे. पेटंट मिळायला १९३७ उजाडलं. लोहचुंबक, त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, वर पोलादी तार. तार हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उमटते. एवढंच पिकअपचं काम. उभी धरून वाजवायची ती स्पॅनिश, म्हणून गिब्सननं १९३६मध्ये पिकअप लावलेली आर्चटॉप काढली तिचं नाव इलेक्ट्रिक स्पॅनिश, ईएस-१५०. तिच्यावर चार्ली ख्रिश्चन हा वादक बेनी गुडमनच्या बँडमध्ये १९३९पासून वाजवायला लागला आणि गिटार पहिल्यांदा सॅक्सोफोनच्या बरोबरीनं उभं राहून एकटी बोलली. क्षयानं तो १९४२मध्ये गेला. पंचवीस वर्षांचा.

आर्चटॉपनं आपल्याकडे मात्र वेगळंच वळण घेतलं. ब्रिजभूषण काबरा यांनी हिंदुस्थानी रागदारीसाठी जी गिटार निवडली ती गिब्सन सुपर ४००च होती, तारा उंच उचललेली, बदल करून घेतलेली. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबतच्या १९६७च्या ध्वनिमुद्रिकेत तिचा आवाज आहे. विश्वमोहन भट्टांची मोहनवीणाही मूळची आर्चटॉपच, वर चिकारीच्या आणि तरफेच्या तारा चढवलेली. एवढ्या तारांचा ताण सपाट पाटानं सोसला नसता. मला हे ऐकून फार बरं वाटलं. जॅझसाठी कोरलेली कमान आलाप पेलते आहे.

पण विजेनं आर्चटॉपला एक दुखणं दिलं. पोकळ गिटारीला पिकअप लावून अँपचा आवाज वाढवला की स्पीकरचा आवाज गिटारीचा पाट हलवतो, पाट तारा हलवतो, तारांचा आवाज पुन्हा स्पीकरमधून येतो आणि गिटार ओरडायला लागते. फीडबॅक. ऑर्केस्ट्रात कोणी तरुण मुलगा भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला तेव्हा मामालाही वाटलं असणार, आपलीही ऐकू यावी. त्यानं लॅमिंग्टन रोडवरून एक पिकअप आणला आणि मानेच्या टोकाशी बसवला. पहिल्याच कार्यक्रमात, फणसवाडीतल्या पूजेला, गिटार अशी किंचाळली की पुढच्या रांगेतल्या बायकांनी कान झाकले. मामा त्या रात्री जेवला नाही. दुसऱ्या दिवशी आजीनं आपलं विटलेलं इरकली लुगडं फाडलं, त्याच्या चिंध्या केल्या, आणि दोघांनी मिळून त्या विणायच्या सुईनं एफच्या फटींतून आत ढकलल्या. पोट भरलेली गिटार ओरडायची थांबली. आवाज थोडा बसला, पण मामा पहिल्यांदा मांडवाच्या शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आला. आजी त्या कार्यक्रमाला गेली होती. २२५ रुपयांचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही.

अमेरिकेतही पोकळ गिटारी वाजवणारे लोक हेच करायचे हे त्या रविवारी मालकांनी सांगितलं. कुणी चिंध्या भरायचं, कुणी फटींवर चिकटपट्टी लावायचं. १९४९मध्ये निघालेल्या ईएस-१७५चा पाट मुद्दाम प्लायचा केला होता. तो स्वस्त पडायचा आणि कमी थरथरायचा, म्हणजे कमी ओरडायचा. मी त्यांना आजीच्या लुगड्याचं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, गिटार माझ्याकडे देण्यासाठी हात पुसायला लागले.

ती वाजवण्याआधी मी भिंतीकडच्या टेबलाशी जाऊन आले. स्ट्रॅटोकास्टर बघायला हवीच होती. १९६४ची. सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीनं १९६५च्या जानेवारीत फेंडर कंपनी १.३ कोटी डॉलरला विकत घेतली, त्यामुळे त्याआधीच्या गिटारींना वेगळा मान आहे. मला त्या मानापेक्षा तिचं पोट उघडून दाखवलं ते आवडलं. आवाजाच्या बटणाखालच्या सुट्या भागावर सात आकडे छापलेले असतात. १३७६४४२. पहिले तीन, १३७, म्हणजे तो भाग बनवणारी सीटीएस कंपनी. मग ६४ हे साल आणि ४२ म्हणजे बेचाळिसावा आठवडा. १९६४चा ऑक्टोबर. गिटार त्याआधीची नाही एवढं नक्की कळतं. तिचे पिकअप गुंडाळणारे हात बहुतेक बायकांचे असत. अबिगेल इबारा १९५६मध्ये फेंडरमध्ये लागल्या आणि २०१३मध्ये निवृत्त झाल्या. केसाएवढी तार हातानं इकडून तिकडे खेळवत वेढे घालायचे, म्हणून कुठलेही दोन पिकअप तंतोतंत सारखे नसतात. लिओ फेंडर स्वतः गिटार वाजवत नसत. रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. भरीव फळीला पिकअप, फळीला स्क्रूनं जोडलेली मान. मान बिघडली तर स्क्रू काढा, दुसरी लावा. आमच्या लॅमिंग्टन रोडवर ते सुखात राहिले असते.

तिच्या पट्टीचं लाकूड, जिथे बोटं फिरतात ते, ब्राझिलियन रोझवूड. त्या झाडाचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९२पासून बंदच झाला आहे. साठच्या दशकापासून अमेरिकी कारखान्यांनी त्याच्या जागी आपली शिसव घेतली. आईच्या घरातल्या कपाटाची शिसव आणि पलीकडच्या सत्तरच्या दशकातल्या टेलिकास्टर गिटारीची पट्टी एकाच जातीच्या लाकडाच्या होत्या. मी बोट लावून पाहिलं, विचारून.

आणि झीज. स्ट्रॅटच्या अंगावरचा रंग जिथे उजवा कोपर टेकतो तिथे गेला होता, खालचं लाकूड चहाच्या रंगाचं दिसत होतं. पट्टीवर पहिल्या तीन फ्रेटांमध्ये खळगे होते, वर जवळजवळ काहीच नाही. म्हणजे जिच्या किंवा ज्याच्या हातात ती होती त्यानं आयुष्यभर खालच्या कॉर्डच वाजवल्या, साथ केली. हल्ली नवी गिटार कारखान्यातच खरवडून, रंग उडवून, जुनी दिसेल अशी करून विकतात. तिथेही एक होती. मला ते पाहवलं नाही. एखाद्याच्या आईची झिजलेली विळी विकत आणून आपल्या ओट्यावर ठेवावी तसं वाटलं. रंग तर आपोआपच बदलतो. गिब्सनच्या १९५८ ते १९६० या वर्षांतल्या लेस पॉल गिटारींच्या लाल रंगाचं उदाहरण सगळे देतात. दुकानाच्या काचेत उन्हात राहिल्या त्यांचा लाल उडून लिंबाचा पिवळा उरला, खाटेखाली राहिल्या त्यांचा लाल शाबूत आहे. मामाच्या गिटारीच्या कडेचा गडद तपकिरी अजून तसाच का आहे, ते मला तेव्हा समजलं.

मग मी बसले. ईएस-१७५ मांडीवर आली आणि पहिली गोष्ट जाणवली ती खोली. आर्चटॉप जाड असते, तिच्या पलीकडून हात घालावा लागतो, लहान मुलाला कडेवर घेतल्यासारखं. अँप बंदच ठेवायला सांगितला. सहावी तार तिसऱ्या फ्रेटवर, चौथी तिसऱ्यावर, तिसरी चौथ्यावर. चाळीस वर्षांनी बोटं तिथे जाऊन बसली. ठक. हात सैल. ठक. हात सैल. गिटारीची पाठ माझ्या पोटाला टेकलेली होती आणि दर ठोका आधी पोटात कळत होता, कानात नंतर. मामा तिच्यामागे बसून काय ऐकत असेल ते मला पहिल्यांदा कळलं. बाहेर कुणाला ऐकू येवो न येवो, त्याला ती पूर्ण ऐकू येत होती.

दोन मिनिटं वाजवली असेल. परत देताना मान खाली घालूनच दिली.

कोपऱ्यात दुरुस्तीचं टेबल होतं. तिथले गृहस्थ लालबागचे, वडील पेट्या करायचे, म्हणजे हार्मोनियम. मी त्यांना फोनवरचे फोटो दाखवले. मामा २००४मध्ये गेला तेव्हापासून गिटार माझ्याकडे आहे, कपाटावर, पेटीत. तिच्या पाठीची कड खालच्या बाजूला सुटली आहे. त्यांनी फोटो मोठे केले, बराच वेळ बघितले.

"अमेरिकन नाही, ताई," ते म्हणाले. "जर्मन असणार. हे बघा, खुंट्यांशी पहिल्या फ्रेटच्या आधी अजून एक फ्रेट आहे. झीरो फ्रेट. आणि बुडाची ही वीणेसारखी पट्टी. बुबेनरॉइटकडचं काम वाटतंय. नावाचा कागद नाही ना आत?"

"नाही."

त्यांनीच मग ती गोष्ट सांगितली. चेकोस्लोव्हाकियातल्या शोनबाखमध्ये जर्मन वाद्यकारांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती होती. हॉफनर तिथलीच, १८८७ची. दुसऱ्या महायुद्धानंतर या सगळ्या लोकांना तिथून हाकललं. बव्हेरियातल्या बुबेनरॉइट नावाच्या काही शेकडो वस्तीच्या खेड्यानं १९४९पासून त्यांना ठेवून घेतलं, आणि त्या खेड्यातून व्हायोलिनी आणि गिटारी जगभर जायला लागल्या. मला कल्याणच्या छावणीचं उल्हासनगर झालं ते आठवलं. निर्वासितांनी केलेली गिटार बोटीनं मुंबईला आली आणि कुडातल्या खाटेवरून आमच्या चाळीतल्या खाटेखाली गेली.

"कोरीव आहे की प्लाय?" मी विचारलं. आशेनंच विचारलं.

"फटीच्या कडेला टॉर्च मारा. कापलेल्या लाकडाचे थर दिसले तर प्लाय. एकसंध रेषा आतपर्यंत गेली असेल तर कोरीव." मग म्हणाले, "कड सुटलीय ते सरसाचं आहे. सरस दमट हवेत सुटतो, तो त्याचा गुणच आहे, नाहीतर लाकूड फाटलं असतं. मागे कुणी पांढऱ्या गोंदानं चिकटवलंय का?"

मानेशी एकदा कुणीतरी चिकटवलं होतं. मी सांगितलं.

"मग ते आधी काढावं लागेल. सरसावर सरसच. आत्ता नाही पण. डिसेंबरात आणा, हवा कोरडी होऊ दे. तोवर तारा सैल करून ठेवा. सहा तारांचा मिळून सत्तरेक किलोचा ओढा असतो, वीस वर्षं बिचारीच्या अंगावर आहे. आणि आत काही असेल तर काढून ठेवा."

घरी आले तेव्हा साडेनऊ झाले होते. जेवणाआधीच स्टूल घेऊन पेटी खाली काढली. कापूर. चकतीची एक कड खरंच भुगा झाली होती आणि तिच्या शेजारचा स्क्रू हिरवा. फोनचा टॉर्च फटीच्या कडेला धरला. तीन थर होते, स्पष्ट, गोडशेवेच्या पुडासारखे. प्लाय.

मग टॉर्च आत वळवला. कागद नव्हता. लाकडावर पेन्सिलनं काही लिहिलेलं नव्हतं. पाठीच्या आतल्या कोपऱ्यात, सुटलेल्या कडेपाशी, धुळीत गोळा झालेलं काहीतरी होतं, आणि त्याला एके ठिकाणी करवतकाठी किनार होती. रंग कळत नव्हता. विणायची सुई घरात आहे माझ्या. काढता आलं असतं.

सुई न आणता मी खुंट्या फिरवायला घेतल्या. गंज इतका की पहिल्या दोन करकरल्या. सहावीपासून सुरुवात केली. एकेक तार अर्धा फेरा, मग दुसरी, म्हणजे ओढा सगळीकडून सारखा उतरेल. दर वेळी अंगठ्यानं एकदा छेडत होते. सूर खाली खाली येत गेला, ई, मग डी, मग नाव नसलेला, मग नुसती तारेची भुरभुर. वीस मिनिटं लागली. शेवटी घोडी सैल होऊन हलायला लागली तेव्हा तिच्या पायांखाली पाटावर दोन काळसर ठसे दिसले, मामानं ती १९६८पासून जिथे ठेवली होती तिथले. मी पेन्सिल आणली, ठशांभोवती बारीक रेघ ओढली आणि घोडी रुमालात गुंडाळून पेटीत गिटारीशेजारी ठेवली.